कुरुळीच्या सर्व्हरने प्रवेश नाकारला

तेरा सर्व्हरपैकी बारांनी पॅकेज मुकाट्याने घेतलं. तेराव्याने, म्हणजे कुरुळीच्या प्लांटमधल्या सर्व्हरने, एकच ओळ परत पाठवली: प्रवेश नाकारला.

पॅकेज म्हणजे काय ते आधी सांगून टाकतो, कारण लग्नानंतर बरीच वर्षं माझ्या सासूबाई मी कुरिअरच्या धंद्यात आहे असं समजत होत्या. आमची कंपनी गाड्यांचे सुटे भाग बनवते. मुख्य ऑफिस पिंपरीला, आणि भोसरीपासून चाकणच्या पुढपर्यंत प्लांट आणि गोदामं मिळून तेरा ठिकाणं. प्रत्येक ठिकाणी एक सर्व्हर. खोक्यांवरची लेबलं तो छापतो, शिफ्टचा भोंगा तो वाजवतो, हजेरीचं मशीनही त्याच्याच ताब्यात. प्रोग्रॅममध्ये काही बदल झाला की तो बदल नीट बांधून, गुंडाळून मी पिंपरीतल्या खुर्चीवरून तेरा जागी एकदम रवाना करतो. हेच पॅकेज. खुर्चीवरून उठावं लागत नाही, हे माझ्याकडे बघूनही कळतं.

यावेळचा बदल, अडीच-तीन महिन्यांतला पहिलाच, लेबलाचा होता. गिऱ्हाइकाने नवीन नमुना दिला होता आणि सोमवारपासून जुन्या लेबलाचं एकही खोकं उतरवून घेणार नाही असं कळवलं होतं. मी बुधवारी दुपारी पॅकेज सोडलं, चहा घेऊन आलो, तर स्क्रीनवर बारा हिरव्या खुणा आणि खाली एक लाल.

परत सोडलं. परत लाल. पाच वेळा सोडलं. सर्व्हर बंद पडलाय म्हणावं तर तसंही नाही. हाक मारली की तो ओ देत होता. म्हणजे घरात आहे, जागा आहे, आवाज ओळखतोय, फक्त दार उघडत नाही. माझ्या टेबलामागच्या भिंतीवर अशा वेळी काय काय तपासायचं याची नऊ मुद्द्यांची यादी चिकटवलेली आहे. ती मीच लिहिली. नवीन माणूस लागला की त्याला मी तिच्यापुढे उभा करून वाचायला लावतो. त्या बुधवारी मी तिच्याकडे पाठ करून बसलो होतो, कारण ‘नाकारला’ हा शब्द माझ्या डोक्यात बसला होता. मशीन कशाला नाकारेल? नाकारतात माणसं. कुरुळीत कुणीतरी काहीतरी केलंय.

सर्व्हरच्या खोलीची किल्ली तिथल्या डिस्पॅच ऑपरेटरकडे असते. तिशी ओलांडलेला, लातूरकडचा, हळू बोलणारा माणूस. मी त्याला फोन लावला.

“सर्व्हरला कुणी हात लावला का?”

पलीकडे प्रेस मशीनचा खडखडाट. मग, “कुणी म्हणजे, साहेब?”

“कुणीही.”

“मी तर नाही लावलो. तुम्हाला माहीतच असेल की.”

हा ‘तुम्हाला माहीतच असेल की’ मला फार झोंबला. त्यात मला उद्धटपणा ऐकू आला, मग धमकी ऐकू आली, आणि फोन ठेवेपर्यंत सरळ कबुलीच ऐकू आली. साडेचारला मी आमच्या विभागप्रमुख मॅडमना मेल लिहिला. त्यातली दोन वाक्यं मला इतकी आवडली की मी ती मोठ्याने वाचली: ‘स्थानिक पातळीवर अनधिकृत हस्तक्षेप झाल्याची दाट शक्यता आहे. खोलीची किल्ली डिस्पॅच ऑपरेटरकडे असते.’ पुढे त्याचं नाव आणि कर्मचारी क्रमांक. आरोप कुठेच नाही, आणि वाचणाऱ्याला दुसरं काही सुचणारही नाही. मेलची एक प्रत मी कुरुळीच्या एचआरलाही पाठवली. का पाठवली ते विचारू नका. हात वाहता होता.

गुरुवारी आमच्याकडे सुट्टी असते. माझ्यासारख्याच्या डोक्याला ती देऊ नये. दिवसभर घरी बसून मी ऑपरेटरचे हेतू शोधले. संध्याकाळपर्यंत माझ्याकडे चार हेतू होते आणि पुरावा एकही नव्हता. शुक्रवारी न कळवता धाड घालायची असं ठरवलं. संत तुकाराम नगरहून सकाळी सहाला कुरुळीच्या पहिल्या शिफ्टची बस निघते. सहाला पाच कमी असताना मी स्टॉपवर उभा होतो. सव्वासहा झाले, बस नाही. शेजारच्या टपरीवाल्याला विचारलं.

“ती काय, मघाशीच गेली. सहाच्या आधीच जाती हल्ली.”

मी येणार हे कुणाला माहीत नव्हतं. तरी बस मला सोडून वेळेआधी निघून गेली होती. आता या कटात बसवालाही आला. मी स्कूटर काढली आणि भोसरी, मोशी करत, ट्रेलरांच्या मधून अंग चोरत कुरुळीला पोचलो.

बसवाला गेटवरच भेटला. तो मूळचा कुरुळीचा. घरची शेती होती त्या जागेवर आता निम्म्या कंपन्या उभ्या आहेत. त्याच्या दोन बस आमच्या प्लांटला लागलेल्या, त्यातली एक तो स्वतः चालवतो, आणि गावात त्याच्या कामगारांसाठी बांधलेल्या खोल्या आहेत. मला बघून त्याने तोंडातली सुपारी गालाला लावली.

“साहेब, आज इकडं कुठं? स्कूटर घिऊन?”

“तुमची बस चुकली. वेळेआधी काढलीत.”

“न्हाई ओ. गाडी टायमावर गेली. तुमीच मागं ऱ्हायलात.” एवढं बोलून तो बाजूला झाला, मोबाइल कानाला लावला आणि मला पाठ करून म्हणाला, “व्हय. आलाय.”

हे मी स्पष्ट ऐकलं. मग त्याने माझा दंड धरला. “चला, आदी च्या घिऊ.”

“आधी सर्व्हर बघतो.”

“सर्व्हर कुठं पळून जातोय. च्या घिऊ.”

शॉपमध्ये, म्हणजे मशीनच्या हॉलमध्ये, शिरलो तेव्हा बोलणं थांबल्यासारखं वाटलं. दोघेजण शिडीवरून उतरत होते. त्यांनी समोरच्या भिंतीवर सुरक्षा सप्ताहाचा भलामोठा बॅनर नुकताच टांगला होता, एक टोक अजून हलत होतं. सुरक्षा सप्ताह होऊन तीन महिने झाले होते. मी बॅनरवरच्या घोषणा वाचल्या, शुद्धलेखनाची एक चूक काढली आणि पुढे गेलो. बॅनर कशावर टांगलाय हे बघायची बुद्धी मला झाली नाही. त्यामागे तिथलं, सर्व्हरवरच चालणारं, लाल आकड्यांचं मोठं घड्याळ होतं.

ऑपरेटर सर्व्हरच्या खोलीपाशी उभा होता. किल्ली त्याने मी मागायच्या आधी पुढे केली, आणि माझ्या हातात पडल्यावर स्वतःचा हात पॅन्टला पुसला. हे मी नोंदवलं. खोली उघडली, सगळं जागच्या जागी दिसलं, दार लोटलं. आणि मग मी जे केलं ते आजवर घरी सांगितलेलं नाही. खिशातून सेलोटेप काढला, बोटभर तुकडा दार आणि चौकट यांच्यावर खाली, कुणाला दिसणार नाही असा चिकटवला आणि चहाला गेलो. कुणी आत शिरलं तर पट्टी तुटणार आणि चोर सापडणार.

पंधरा मिनिटांनी परत येऊन वाकून बघितलं, तर पट्टी तुटलेली.

“कोण गेलं होतं आत?” मी ऑपरेटरला विचारलं. माझा आवाज सिनेमातल्या इन्स्पेक्टरसारखा आला असावा.

“तुम्हीच की. बॅग ठेवायला परत आलाव ना साहेब. मी कॅन्टीनच्या दारातून बघितलो.”

बॅग आत टेबलावर होती. माझीच. मी पट्टीचा उरलेला तुकडा खिशात टाकला. त्याने खिशाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. त्याच्याही नजरेत संशय होता. आरोपीच्या नजरेत तो असतोच, अशी मी स्वतःची समजूत घातली.

तेवढ्यात बसवाल्याने मला परत कॅन्टीनकडे ओढलं. यावेळी चहा नुसता निमित्ताला होता.

“एक ईचारू का? त्याची फाईल तुमी आडवली म्हनत्यात.”

“कुठली फाईल?”

“परमनंटची. सात वर्सं कॉन्ट्रॅक्टवर हाय तो. यंदा यादीत नाव लागलंय. उद्या शनवारी सह्या. परवा तुमचा मेल आला आन एचआरनं फाईल बाजूला काढून ठिवली.” त्याने कप फिरवला. “माज्याकडं दोन खोल्या सांगून ठिवल्यात त्यानं. बायको आन लेक गावाकडंच हायेत. लेकीला हितल्या शाळंत घालायची म्हनून चाललंय सगळं. उद्या सही न्हाई झाली तर कॉन्ट्रॅक्ट बी म्हैनाअखेर संपतंय.”

मी म्हटलं, “त्याने सर्व्हरशी छेडछाड केली असेल तर मी काय करणार?”

“आसंल तर,” बसवाला म्हणाला, आणि माझ्याकडे असं बघितलं की मी बिस्किट खाली ठेवलं.

उठताना मला एक साधा प्रश्न पडला, जो बुधवारीच पडायला हवा होता. तीन दिवसांवर परमनंटची सही आलेला माणूस सर्व्हरला नख तरी लावेल का? यावर शहाण्या माणसाने ऑपरेटरवरचा संशय काढून घेतला असता. मीही काढून घेतला, आणि बसवाल्यावर ठेवला. फोन, बॅनर, वेळेआधी पळणारी बस, हा सारखा चहा. तिथून मी थेट सर्व्हरपुढे जाऊन बसलो आणि नोंदवही उघडली. सर्व्हरवर कुणी कधी काय बदललं, ते तो स्वतःच टिपून ठेवतो. ऑपरेटर माझ्या खुर्चीमागे उभा राहिला. मी त्याला जा म्हटलं नाही. माझ्या मते तो साक्षीदार होता; तो का थांबला होता ते मला नंतर कळलं.

दोन महिने मागे गेल्यावर एक ओळ सापडली. सिस्टमची वेळ बदलली. बारा मिनिटं पुढे. त्याच्या वरची ओळ: वेळ आपोआप दुरुस्त करणारी सेवा बंद केली. दोन्ही ओळींपुढे बदलणाऱ्याचा लॉगिन होता. मी तो एकदा वाचला, चष्मा पुसला, परत वाचला. माझा होता.

“माझा पासवर्ड चोरलाय कुणीतरी,” मी म्हणालो.

मी वळून बघितलं. ऑपरेटर माझ्याकडे बघत होता, रागाने नाही, माणूस खरंच असा आहे का हे तपासत असल्यासारखा.

“साहेब, तुम्हीच केलाव की. मी हितंच उभारलो होतो.”

आणि मग सगळं हळूहळू वर आलं. दोन महिन्यांपूर्वी मी इथे आलो होतो, प्लांट मॅनेजरच्या रिव्ह्यू मीटिंगसाठी. ही मीटिंग कुणाच्या सांगण्याने संपत नाही, भोंगा झाला तरच संपते. भोंग्यानंतर दहा मिनिटांनी बस. त्या दिवशी क्रिकेटची मॅच होती आणि मला पहिल्या षटकापासून बघायची होती. सर्व्हरचं काहीतरी बघून येतो असं सांगून मी मीटिंगमधून उठलो, इथे आलो आणि वेळ बारा मिनिटं पुढे ढकलली. ती लगेच पूर्ववत झाली, कारण सर्व्हर पिंपरीच्या घड्याळाला विचारून स्वतःला दुरुस्त करत होता. म्हणून मी ते विचारणंच बंद केलं. भोंगा लवकर झाला, मीटिंग मोडली, बस निघाली. घरी गेल्यावर पिंपरीच्या लाइनवरून वेळ परत जागेवर आणू, असं ठरवलं होतं. मॅच शेवटच्या षटकापर्यंत गेली.

आता तांत्रिक भाग, दोन ओळींत. आमच्या व्यवस्थेत दोन सर्व्हरांच्या घड्याळात पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की ते एकमेकांवर विश्वास ठेवत नाहीत. समोरून येणारा परवाना शिळा किंवा बनावट आहे असं धरून दार लावून घेतात. माझ्या यादीतला हा दुसरा मुद्दा आहे: दोन्हीकडची घड्याळं जुळतात का ते बघा. मी त्याच्याखाली लाल रेघही मारली होती.

“मग कुणी काही बोललं कसं नाही?” मी विचारलं.

“आम्हाला वाटलं हेड ऑफिसनं टायमच बदललाय. भोंगा लवकर, हजेरी पण लवकर. मग सगळेच बारा मिनिटं आधी यायलो, आधी जायलो. काम तेवढंच होतंय. पण साडेतीनला बाकीच्या कंपन्या सुटायच्या आत आमची गाडी फाट्याच्या पुढं गेलेली असती, साहेब. मोशीला तासभर अडकायचो, आता अडकत नाही. म्हणून आज सगळे घाबरले. तुम्ही टायम परत घ्यायला आलाव म्हणून.”

“म्हणून तो बॅनर.”

“घड्याळ दिसलं नाही तर आठवणार नाही, असं गाडीवाले म्हणले.”

“आणि तू? तुला तर माहीत होतं मी केलंय. फोनवर सांगायचं ना सरळ.”

“तुम्ही विचारलाव, कुणी हात लावला का. ज्यानं लावला तोच विचारायला, म्हणलं काहीतरी डाव असेल. संध्याकाळी मेलची बातमी आली. मग खात्रीच झाली, साहेब स्वतःचं माझ्या गळ्यात घालायलेत. म्हणून आता मागं उभारलो, तुम्ही ती नोंद पुसू नये म्हणून.”

“एचआरला सांगायचंस.”

“काय सांगू? कॉन्ट्रॅक्टवाला म्हणतो साहेबांनी केलं. मेल तर साहेबांचाच आहे.”

मी वेळ दुरुस्त केली, बंद केलेली सेवा सुरू केली आणि पिंपरीच्या माणसाला पॅकेज परत सोडायला सांगितलं. दोन मिनिटांत ते आत आलं. ऑपरेटरने नव्या लेबलाची एक प्रत काढून बघितली, अक्षरं तपासली, बाजूला ठेवली. आणि तिथेच उभा राहिला.

मग मी मेल लिहायला घेतला. पहिला मजकूर असा होता: ‘तांत्रिक कारणामुळे उद्भवलेली अडचण दूर करण्यात आली आहे.’ बघा, किती स्वच्छ वाक्य. त्यात माणूसच नाही.

“यात माझं नाव नाही,” तो मागून वाचत म्हणाला.

“नाहीच. म्हणून तर असं लिहिलं.”

“मागच्यात होतं.”

मी ते खोडलं. दुसऱ्या मजकुरात ‘पूर्वीच्या एका भेटीदरम्यान वेळेत बदल झाला असावा’ असं आलं. ‘असावा’वर माझं बोट अडकलं, कारण तो हलला नाही, नुसता उभा. तिसऱ्यात मी लिहिलं की वेळ मी बदलली, माझ्या सोयीसाठी बदलली, परत करायची विसरलो, आणि बुधवारच्या मेलमध्ये ज्याचं नाव दिलं त्याचा याच्याशी काहीही संबंध नाही. नोंदवहीच्या दोन ओळी सोबत जोडल्या. बुधवारी ज्यांना ज्यांना गेला होता त्या सगळ्यांना पाठवला.

दहा मिनिटांत मॅडमचा फोन.

“हे गंमत म्हणून लिहिलंय?”

“नाही मॅडम.”

“सोय म्हणजे कसली सोय?”

“मॅच होती.”

पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज. मग, “जिंकलो का?”

“नाही.”

“कुरुळीच्या एचआरशी मी बोलते. तुमचं सोमवारी बघू.”

फोनवरच्या शब्दावर माझा विश्वास नव्हता. खरं तर आपण काय काय पाठवू शकतो हे कळल्यापासून मेलवरही नव्हता. शनिवारी, कुणी बोलावलेलं नसताना, मी परत कुरुळीला गेलो आणि एचआरच्या दाराबाहेर बाकावर बसलो. एचआरचे साहेब यादी आदल्या दिवशीच वर गेली, आता पुढच्या वर्षी बघू, असं म्हणत होते. मी माझाच मेल छापून आणला होता. तो त्यांच्या टेबलावर ठेवला आणि म्हटलं, चूक माझी आहे, ती त्याच्या खात्यात एक वर्ष पडून राहिली तर मी रोज इथे येऊन बसेन. त्यांना ते बहुधा खरं वाटलं. फोन झाले, फाईल मागवली गेली, दुपारी तीनला सही झाली.

ऑपरेटर पत्र घेऊन बाहेर आला. आभार वगैरे काही नाही. त्याने उभ्याउभ्या पत्र दोनदा वाचलं, नावाचं स्पेलिंग, तारीख, शिक्का. मग माझ्या हातात दिलं.

“तुम्ही पण बघा साहेब. काही राहिलं नाही ना.”

मी बघितलं. काही राहिलं नव्हतं.

साडेतीनचा भोंगा साडेतीनलाच झाला. आजूबाजूच्या कंपन्यांचेही झाले, आणि फाट्यावर बस, टेम्पो, ट्रेलर सगळे एकदम येऊन भिडले. बसवाल्याने खिडकीतून माझ्याकडे बघितलं. “घ्या. झालं समाधान?” एवढंच म्हणाला. शिफ्ट बारा मिनिटं आधी करावी असा अर्ज कामगारांनी दिलाय. तो वर गेलाय म्हणतात. वर म्हणजे नक्की कुठे, हे मी विचारत नाही.

सोमवारी मॅडमनी माझं बघितलं. कुरुळीच्या सर्व्हरवरचे माझे अधिकार काढून घेतले. आता तिथे कुठलंही पॅकेज पाठवायचं झालं तर आधी ऑपरेटरला फोन करायचा, आणि त्याने माझीच नऊ मुद्द्यांची यादी वाचून मोबाइलवरून मंजुरी दिल्याशिवाय ते आत जात नाही. बाकी बारा ठिकाणी पाच मिनिटांत काम होतं. कुरुळीला अर्धा तास लागतो. परवाही फोन केला.

“काय आहे पॅकेजात?”

“प्रिंटरची दुरुस्ती.”

“फक्त प्रिंटर?”

“फक्त प्रिंटर.”

“घड्याळाला हात लावत नाही ना?”

“नाही रे बाबा.”

“मागच्या वेळी पण तुम्ही सर्व्हरचं बघून येतो म्हणून उठला होता, साहेब,” तो शांतपणे म्हणाला. “थांबा. यादी वाचतो, मग सांगतो.”

मागे त्याच्या लेकीचा आवाज येत होता, शाळेतलं काहीतरी मोठ्याने म्हणत होती. सुट्टीचा दिवस होता आणि मी त्याच्या घरच्या वेळेत फोन केला होता. मी थांबलो. तो एकेक ओळ वाचत होता, आणि मध्येच कुठेतरी अडून, परत पहिल्यापासून.